वरच्या खोलीतली टाळी

सोमवार, ४ तारीख

ही वही मीच बांधली. छापखान्यातून उरलेले कोरे फॉर्मे, पुस्तकात शिवायच्या कागदांच्या घड्या, दोन वर्षं माळ्यावर पडून होते, कडेने पिवळे पडलेले, गिऱ्हाइकाला देण्याच्या लायकीचे नव्हते. कापताना पातं जरा तिरकं गेलं, त्यामुळे वही खाली रुंद आणि वर अरुंद झाली आहे. ह्यांनी पाहिली असती तर म्हणाले असते, दारुडी दिसते, भिंतीला टेकवून ठेव. ह्यांना जाऊन सव्वा वर्ष झालं. रोज काहीतरी सांगायचं राहून जातं, ते आता इथे लिहीन.

आज सांगायचं म्हणजे असरची नमाज. दुपार कलल्यावरची ही नमाज चार रकातींची, म्हणजे उभं राहणं, वाकणं आणि कपाळ टेकून सजदा, अशा चार फेऱ्यांची. आम्ही बायका मशिदीच्या वरच्या खोलीत असतो. समोर लाकडी जाळी आहे. तिच्यातून खालच्या ओळींची डोकी तेवढी दिसतात, ऐकू मात्र सगळं येतं. आज इमाम साहेबांनी तिसऱ्या रकातीनंतरच सलाम फिरवला आणि नमाज संपवली.

मला वाटलं, माझंच मोजायला चुकलं. खालून कोणी काही बोललं नाही. माणसं उठली, सावकाश बाहेर पडली. आमच्या खोलीतही कोणी काही बोललं नाही. इमाम साहेबांच्या बायकोला, आम्ही सगळ्या त्यांना आपा म्हणतो, नमाजेतच खोकल्याची मोठी उबळ आली होती. त्यांना वाफ घ्यायला सांगायला हवं.

घरी येऊन दार लावून घेतलं आणि चारही रकाती पुन्हा पढले. दार अशासाठी की नणंदेने पाहिलं असतं तर कशाला म्हणून विचारलं असतं, आणि मला सांगता आलं नसतं.

मंगळवार, ५ तारीख

नणंद म्हणजे ह्यांची थोरली बहीण. सत्तरी ओलांडली आहे, गुडघे गेले आहेत, जीभ शाबूत आहे. ह्यांच्यामागे मला बांधणीचं दुकान आणि नणंद मिळाली. दोन्हींना रोज तेलपाणी करावं लागतं.

सकाळी कणीक मळताना ती आपण होऊन म्हणाली, "काल मी गच्चीवर जाऊन असर पुन्हा पढले."

मी म्हटलं, मग मला का नाही सांगितलंस. तर म्हणे, तू म्हणाली असतीस, म्हातारीला आता चारपर्यंतही मोजता येत नाही. मीही पुन्हा पढले हे सांगितल्यावर ती बराच वेळ हसली. मग हसू थांबवून म्हणाली, "पण त्यांना सांगणार कोण? तू सांग जा."

मी नाही सांगणार. इमाम साहेब सव्वीस वर्षं आमच्या पुढे उभे आहेत. हे आजारी होते तेव्हा चार महिने रोज जोहरनंतर, दुपारच्या नमाजेनंतर, ते आमच्याकडे येऊन बसत. ह्यांना दिसायचं बंद झालं होतं, म्हणून ह्यांना पेपर वाचून दाखवत, अगदी कुठली गाडी किती वाजता सुटते तेही. शेवटचं न्हाऊ घालणंही त्यांनी स्वतःच्या हातांनी केलं. अशा माणसाला तुम्ही विसरायला लागला आहात हे सांगायला माझी जीभ उचलत नाही.

ह्यांनाही मी कधी सांगितलं नाही. शेवटच्या दोन वर्षांत ह्यांचे फॉर्मे मागेपुढे व्हायचे, सहावा आधी आणि पाचवा नंतर. हे चहाला बाहेर गेले की मी शिवण उसवायची, नीट लावून पुन्हा शिवायची, ह्यांना पत्ता लागू द्यायची नाही. एक बरं होतं, तेव्हा ह्यांना सरस लावायचा कंटाळा यायला लागला होता. जन्मभर ज्या माणसाने शिवण झाली की लगेच सरस लावला, तो नुसतं शिवून तसंच टेबलावर ठेवायचा, टोपी घालायचा आणि चहाला जायचा. त्यामुळे उसवायला फार सोपं जायचं.

शुक्रवार, ८ तारीख

मदरशाच्या वर्गासाठी कुराणाच्या तर्जुम्याच्या, भाषांतराच्या, चाळीस प्रती बांधायला आल्या आहेत. शिवण पक्की हवी, मुलं पानं ओढतात.

दुपारी आपा दुकानात येऊन तासभर बसल्या. मी त्यांना मध दिला, वाफेचं सांगितलं. त्यांचा खोकलाही विचित्र आहे. दुकानात पुठ्ठ्याची इतकी धूळ, पण एकदाही आला नाही. वरच्या खोलीतल्या सतरंज्या झटकायला हव्यात.

आणखी दोघी येऊन गेल्या. एकीच्या मुलीला स्थळ आलं आहे आणि तिला ते पसंत नाही. दुसरीला सासऱ्यांशी कसं बोलावं ते कळेना. दुकान रस्त्यातच पडतं, म्हणून बायका टेकतात.

सोमवार, ११ तारीख

आज काम थांबवलं.

मी शाळेत गेले नाही. वाचायला शिकले ते बांधणीला आलेल्या फॉर्म्यांवरून. पानांचे आकडे जुळवता जुळवता अक्षरं जुळायला लागली. त्यामुळे मी वाचते ते बांधणाऱ्याच्या नजरेने, कुठे काय गळलं ते आधी बघते. आज एका फॉर्म्यात गळलेला शब्द सापडला.

आयत, म्हणजे कुराणातलं वचन, आहे ती हुकूम मानण्याची. अल्लाहचा हुकूम माना, असं आहे. मग पैगंबरांचा, त्यांच्यावर सलाम, हुकूम माना, असं पुन्हा आहे. तिसऱ्या ठिकाणी येतात तुमच्यातले ते लोक, ज्यांच्या हाती कारभार आहे. आणि तिथे 'हुकूम माना' हे शब्दच नाहीत. नुसतं 'आणि त्यांचा'. वाक्याच्या शेवटी हे होतं. छापखान्यात खिळे लावणारा जुळारी थकतो आणि तिसऱ्यांदा तोच शब्द आला की सोडून देतो.

चाळीसच्या चाळीस प्रती पाहिल्या. सगळ्यांत तेच. मग घरची जुनी प्रत काढली, ह्यांच्या वडिलांच्या वेळची, दुसऱ्याच छापखान्याची. तिच्यातही तेच. आता दोन छापखाने, मध्ये साठ वर्षं, आणि गळलेला शब्द एकच, हे कसं? उद्या इमाम साहेबांना विचारते. तोवर पुढचं शिवायचं नाही.

मंगळवार, १२ तारीख

इमाम साहेब इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. म्हणाले, मोठमोठ्या आलिमांनी, विद्वानांनी, ज्या जागेवर बोट ठेवलं, तिथेच वहिनींनी छापखान्याची चूक काढली.

शब्द गळलेला नाही. मुळातच दोनदा आहे. त्यांनी समजावलं ते असं: अल्लाहचा आणि पैगंबरांचा हुकूम आपल्या पायावर उभा आहे. कारभाऱ्यांचा तसा नाही, तो त्या दोघांना टेकून उभा असतो. टेकू सुटला की हुकूमही संपला. आणि म्हणूनच त्याच आयतीत लगेच पुढे वाद झाला तर काय करायचं ते सांगितलं आहे: तो अल्लाह आणि पैगंबरांकडे घेऊन जा. मी विचारलं, म्हणजे कारभाऱ्याशी वाद होणार हे धरूनच ठेवलंय? ते म्हणाले, "त्यात 'तुमच्यातले' असा शब्द आहे ना, वहिनी. तुमच्यातले म्हणजे तुमच्यासारखेच चुकणारे."

मग त्यांनी विचारलं, वरच्या खोलीत आवाज नीट येतो ना. मी म्हटलं, अगदी स्वच्छ. "सगळं ऐकू येतं?" मी म्हटलं, सगळं. ते थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग सांगितलं की इमाम चुकला तर पुरुषांनी सुभानल्लाह म्हणावं आणि बायकांनी टाळी वाजवावी, उजव्या हाताचा तळवा डाव्या हाताच्या पाठीवर. सव्वीस वर्षांत त्यांनी अशी टाळी एकदाही ऐकलेली नाही म्हणे. बोलता बोलता माणसाला काय काय आठवतं.

प्रती पुन्हा शिवायला घेतल्या. मन हलकं झालं आहे. शब्द गळलेला नव्हता, जागा मुद्दाम रिकामी ठेवली होती.

गुरुवार, १४ तारीख

आज मी टाळी वाजवली.

जोहरची नमाज होती. तीही चार रकातींची, आणि मनातल्या मनात पढायची. चौथ्या रकातीचा सजदा झाला, आता सगळ्यांनी बसायचं. खालून इमाम साहेबांचा 'अल्लाहु अकबर' आला तो उभं राहतानाचा. तो उंच चढतो, कान ओळखतो. जाळीतून पाहिलं तर पहिली ओळ उठली, तिच्यामागे दुसरी, मग तिसरी. सगळे पाचव्या रकातीला उभे राहत होते. ऐंशी माणसं, आणि एकाच्याही तोंडून शब्द नाही. आपांना खोकला आला, तीन वेळा, दर वेळी मोठा.

मी काही ठरवलं नव्हतं. हातच वाजले. आणि माझे हात बांधणीचे, चाळीस वर्षं पुठ्ठे ठोकलेले. फळी आपटावी तसा आवाज झाला. शेजारची पोर दचकून आईला चिकटली.

 खाली इमाम साहेब परत बसले. त्यांच्यामागे सगळ्या ओळी बसल्या. शेवटी त्यांनी चूक भरून काढायचे दोन सजदे केले आणि नमाज पुरी झाली.

 जिना उतरले तर दाराशी दोन बाप्ये आवाज खाली करून म्हणाले, वरून काय पडलं? नणंद म्हणाली, "वहिनी पडली. जागेवर आहे, काळजी नको." आपांनी जाताना माझा हात धरला आणि दाबला. त्यांचे डोळे भरलेले होते. खोकल्याने पाणी येतं डोळ्यांना.

शुक्रवार, १५ तारीख

रात्रभर वाटत होतं, इमाम साहेबांना चारचौघांत खाली पाहायला लावलं. आज ते खुतब्याला, शुक्रवारच्या प्रवचनाला, उभे राहिले आणि त्यांनी गोष्टच ती काढली.

एकदा खुद्द पैगंबरांनी चार रकातींच्या जागी दोनच पढवल्या आणि सलाम फिरवला. मग उठून एका लाकडाला टेकून उभे राहिले. त्यांचे अगदी जवळचे दोघे ओळीत होते, पुढे खलिफा झालेले, पण त्यांनाही धाक वाटला, बोलले नाहीत. बोलला तो एक लांब हातांचा माणूस. लोक त्याला हातांवरूनच ओळखायचे. त्याने विचारलं, आपण विसरलात की नमाजच कमी झाली? पैगंबरांनी त्याच्यावर राग धरला नाही. लोकांना विचारलं, हा म्हणतो ते खरं आहे का? लोक म्हणाले, खरं आहे. मग राहिलेल्या दोन पढवल्या. दुसऱ्या एका वेळी त्यांनी सांगितलं की मीही माणूस आहे, तुम्ही विसरता तसा विसरतो, विसरलो तर आठवण द्या.

इमाम साहेब पुढे म्हणाले, "काल मी चुकलो. माझ्यामागे ऐंशी माणसं होती आणि मी एकटाच होतो. मग वरून आवाज आला आणि मी एकटा राहिलो नाही."

वरच्या खोलीत सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. नणंद हळूच म्हणाली, "तुझेही हात लांबच आहेत." मी जाळीकडे तोंड करून बसले. सव्वा वर्षात इतकं बरं पहिल्यांदा वाटलं. ह्यांना सांगायला हवं होतं.

सोमवार, १८ तारीख

बरं वाटणं तीन दिवस टिकलं.

आज मशिदीच्या कमिटीचे अध्यक्ष दुकानात आले. टाइल्सचे व्यापारी आहेत, वाईट माणूस नाही. छत गळायला लागलं की शिडीवर स्वतः चढतात. बसायच्या आधी त्यांनी माझी फरशी पायाने चाचपून पाहिली, ती त्यांची सवय आहे. मग माझं कौतुक केलं. म्हणाले, आम्हा पुरुषांना जमलं नाही ते तुम्ही केलंत, आता एवढं पुरं करा. इमाम साहेब किती वेळा चुकले, कोणत्या तारखांना, ते कागदावर लिहून सही करा. रविवारच्या बैठकीत तो कागद वाचू आणि त्यांना सन्मानाने निवृत्त करू. बाहेरगावच्या एका इमामाने तीन वेळा अर्ज केला आहे, आवाज सुरेख आहे, तो पुढच्याच महिन्यात यायला तयार आहे.

मी विचारलं, मग इमाम साहेब आणि आपा राहणार कुठे? मशिदीमागच्या दोन खोल्या त्यांच्याकडे आहेत, सव्वीस वर्षांचा संसार त्यांतच झाला. अध्यक्ष म्हणाले, खोल्या नव्या इमामाला लागतील. त्यांची पुतणी आहे ना कुठेतरी.

ते गेल्यावर लक्षात आलं, मी टाळी वाजवली ती त्यांना थांबवण्यासाठी, आणि वाजली ती त्यांना हाकलण्यासाठी. तारखा तर माझ्याकडे आहेतच. याच वहीत आहेत.

बुधवार, २० तारीख

कालही चूक झाली. असरला दुसऱ्या रकातीनंतर बसायचं ते राहून गेलं. मी टाळी वाजवली नाही. हात छातीवर घट्ट आवळून उभी राहिले. आपांचा खोकला तेवढा चालू होता. म्हणजे मला दिसलेल्या तीन झाल्या.

लिहून दिलं तर त्यांचं घर जाईल. न दिलं तर ऐंशी माणसांच्या नमाजेचं काय, आणि खरी साक्ष लपवू नका, मग ती आपल्याच माणसाच्या विरोधात का असेना, असं आयतीत आहे त्याचं काय? ती आयतही याच चाळीस प्रतींत आहे, शिवताना दोनदा समोर आली.

नणंदेला विचारलं. ती म्हणाली, ज्याची चूक त्याला सोडून तू साऱ्या गावाला विचारत सुटली आहेस. मी म्हटलं, गावाला कुठे, तुलाच विचारलं. ती म्हणाली, "तेच ते."

गुरुवार, २१ तारीख

सकाळी इमाम साहेबांच्या घरी गेले. त्या दोन खोल्यांत पुस्तकं, एक पलंग आणि खिडकीत आपांच्या कुंड्या, एवढंच आहे. आपा चहा ठेवायला आत गेल्या, पण भांड्याचा आवाज येईना, म्हणजे ऐकत होत्या.

मी सगळं सरळ सांगितलं. तीन तारखा सांगितल्या, अध्यक्षांचा कागदही सांगितला. म्हटलं, तुमच्यामागे हे लिहून देणं माझ्याने होणार नाही, म्हणून आधी तुमच्यापुढे वाचून दाखवते.

त्यांनी तिन्ही तारखा बोटांवर पुन्हा मोजल्या. मग म्हणाले, "तुमच्या तीन आहेत, वहिनी. माझ्या सात."

ते मोजत होते. प्रत्येक वेळी सलाम फिरवल्यावर मागे वळून लोकांची तोंडं बघायचे. कोणी बोललं नाही की वाटायचं, ऐंशी माणसं गप्प आहेत म्हणजे आपलंच बरोबर असणार. आणि घरी जाऊन पुन्हा पढायचे.

मी विचारलं, मग स्वतःच का नाही थांबलात. ते म्हणाले, "पुढे उभं राहायची सवय लागली, की मागे जागा असते हे आठवत नाही."

मी म्हटलं, मलाही ह्यांना सांगता आलं नव्हतं. दोन वर्षं फॉर्मे उसवत होते, ह्यांना कधी कळू दिलं नाही. इमाम साहेब काहीतरी बोलणार होते. ते आपांकडे बघायला लागले, त्या दारात आल्या होत्या. मग म्हणाले, तो फार समजूतदार माणूस होता. ते तर होतेच.

निघताना त्यांनी एकच मागितलं. कागद देऊ नका, रविवारी या आणि तोंडाने सांगा. कागदाला उलट विचारता येत नाही.

रविवार, २४ तारीख

बैठक सकाळी होती, मशिदीच्या खालच्या दालनात. बायका आजवर बैठकीला गेल्या नव्हत्या. नको असंही कोणी म्हटलं नव्हतं, फक्त कधी गेलो नव्हतो. आज मी, नणंद आणि आपा गेलो, आणि मागोमाग वरच्या खोलीतल्या आणखी अकराजणी आल्या. मी कोणाला बोलावलं नव्हतं. सतरंजी कमी पडली.

अध्यक्षांनी इमाम साहेबांच्या सेवेबद्दल दोन शब्द सांगितले, मग नव्या इमामाचा अर्ज वाचायला घेतला. नणंदेने मला कोपर मारलं. मी उभी राहिले. अर्ज अर्धाच वाचून झाला होता, पण कोपर दुसऱ्यांदा खायची इच्छा नव्हती.

मी म्हटलं, "मी मोजलेल्या तीन चुका आहेत. इमाम साहेबांना त्या गुरुवारीच सांगितल्या, म्हणून आज इथे बोलते. नमाजेत मी त्यांच्यामागे असते. बोलायचं ते समोर." आणि तारखा सांगितल्या.

इमाम साहेब उठले आणि म्हणाले, तीन नाहीत, सात आहेत. त्या सात नमाजांची मी तुमच्याकडे माफी मागतो.

 मग टायरची पंक्चर काढणारे म्हातारे उठले. ते नेहमी शेवटच्या ओळीत असतात. म्हणाले, "मला त्या सोमवारी कळलं होतं. बोललो नाही. घरी जाऊन पुन्हा पढलो."

त्यांच्या शेजारचा म्हणाला, मीपण. मग औषधांच्या दुकानवाले. मग पुढच्या ओळीतले दोघे भाऊ, जे एकाच घरात राहतात आणि वेगवेगळ्या खोल्यांत दार लावून पढले होते. ते एकमेकांकडे बघायला लागले आणि तिथून हसू सुटलं. त्या दिवशी अख्ख्या वस्तीत बंद दारांआड चार चार रकाती पढल्या गेल्या होत्या, आणि प्रत्येकाला वाटत होतं की आपण एकटेच. शेवटी अध्यक्षांनी अर्ज खाली ठेवला आणि म्हणाले, मी गोदामात पढलो.

हसू ओसरल्यावर इमाम साहेब बोलले. मसलतीची जी आयत आहे, ती हरलेल्या लढाईनंतर आली. लढाईत नेमून दिलेली जागा लोकांनी सोडली होती, त्यापायी जखमा झाल्या होत्या. तरी पैगंबरांना सांगितलं गेलं की यांना माफ कर, यांच्यासाठी माफी माग, आणि मग यांच्याशी मसलत कर. मसलत शेवटी आहे. "मी माफी मागितली आहे. तुम्ही गप्प राहिलात, त्याची मी केव्हाच माफी देऊन टाकली. आता मसलत करा."

आणि मसलत झाली, खरीखुरी, दोन तास. अर्जाचं काय, असं अध्यक्षांनी विचारलं तेव्हा इमाम साहेब म्हणाले, जो अधिकार मागायला येतो त्याला तो देऊ नये असं पैगंबरांचं सांगणं आहे. अध्यक्ष म्हणाले, त्याने तर तीन वेळा मागितलाय. इमाम साहेब म्हणाले, म्हणजे तीन वेळा नको. गणिताच्या मास्तरांचं नाव पुढे आलं. चाळिशीचे आहेत, सगळं कुराण तोंडपाठ आहे, आणि आजवर कधी पुढे आले नाहीत. त्यांनी नको म्हणून हात जोडले, तेव्हा लोकांची खात्रीच पटली. पंक्चरवाले म्हणाले, मास्तरांना स्वतःचं घर आहे, मग खोल्यांचा प्रश्न कुठे येतो? खोल्या इमाम साहेबांकडेच राहतील. सकाळचे मुलांचे वर्गही तेच घेतील. अध्यक्षांनी ते स्वतः वहीत लिहिलं आणि मोठ्याने वाचून दाखवलं.

शेवटी असं ठरलं की वरच्या खोलीतल्या एकीने दर बैठकीला यावं. सगळेजण माझ्या दिशेने बघायला लागले. मी वळून पाहिलं, कोण आलंय ते.

नणंद म्हणाली, "मागे भिंत आहे."

बुधवार, २७ तारीख

चाळीस प्रती पोचत्या केल्या. आपांचा खोकला पूर्ण गेला. मी सतरंज्या उन्हात टाकल्या होत्या त्याचा गुण. त्यांना तसं सांगितलं, तर त्या हसल्या आणि म्हणाल्या, तुमच्यामुळेच गेला.

बैठकीला जाण्याचं मी अजून पक्कं सांगितलेलं नाही. मला काय कळतं त्यातलं? आज चौघीजणी दुकानात आल्या होत्या, पुढच्या बैठकीत काय काय बोलायचं ते सांगायला. मी लिहून घेतलं, हरवायला नको म्हणून.

शुक्रवार, २९ तारीख

आज मास्तरांनी पहिल्यांदा जुम्मा पढवला. आवाज थोडा कापत होता, पण रकाती बरोबर. मी मोजल्या. सगळ्यांनीच मोजल्या असणार.

खरी मजा त्याच्या आधी आणि नंतर झाली. इमाम साहेब सव्वीस वर्षं बाजूच्या दाराने आत यायचे. आज ते सगळ्यांबरोबर मोठ्या दाराने आले, आणि चपला हातात घेऊन कप्प्यांसमोर उभे राहिले. मी जिन्यावरून बघत होते. तिथे प्रत्येकाचा कप्पा ठरलेला आहे. तसा नियम नाही, पण ठरलेला आहे. त्यांना कुठे ठेवावं कळेना. शेवटी पंक्चरवाले म्हणाले, मास्तर आज बाजूच्या दाराने आलेत, त्यांचा कप्पा रिकामा आहे, तिथे ठेवा. त्यांनी ठेवल्या आणि पंक्चरवाल्यांच्या शेजारी, शेवटच्या ओळीत जाऊन उभे राहिले. पंक्चरवाले आदराने दूर सरकले. इमाम साहेबांनी त्यांना खांद्याला खांदा लागेपर्यंत जवळ ओढलं. ओळीत फट ठेवायची नसते.

नमाज झाली. मास्तर लोकांच्या मुबारकबादीत मोठ्या दारानेच बाहेर आले, सवयीने आपल्या कप्प्यात हात घातला, पायात चपला सरकवल्या आणि घरी गेले. मास्तरांच्या स्वतःच्या चपला राहिल्या बाजूच्या दाराशी.

दुकान उघडून बसले, तोच रस्त्यावरून फटक फटक असा आवाज आला. इमाम साहेब. पायात मास्तरांच्या चपला, टाचेमागे दोन बोटं जागा उरलेली. मी म्हटलं, बदलून का नाही घेतल्यात, मास्तर पुढेच तर होते. ते म्हणाले, हाक मारणार होतो, पण इतक्या लोकांत पहिल्याच दिवशी कशाला. तसंही टाळी वाजवायचा हक्क बायकांचा आहे.

"मला सैल आहेत, त्याचं काही नाही," ते म्हणाले. "त्यांना माझ्या किती घट्ट होत असतील."

आता ते दुकानात बसले आहेत. ह्यांच्या स्टुलावर बसून पेपर वाचून दाखवताहेत, नणंद मधेमधे चुका काढते आहे. मास्तरांना कळलं की ते इकडेच येतील. पाऊण तास झाला, अजून कळलेलं नाही. मी दुसऱ्यांदा चहा ठेवला आहे.